'मेरी हॅलट'चा खडक

'मेरी हॅलट' हे अमेरिकन जहाज सरकारी परवाना घेऊन ब्रिटिशांची व्यापारी जहाजं लुटायचं. १८१३ साली ब्रिटिशांनी ते पकडलं, आजच्या कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात आणलं आणि आपल्या नौदलात घेतलं. पुढच्याच हिवाळ्यात ते एकेचाळीस माणसांसकट तिथल्याच किनाऱ्याजवळ बुडालं. नेमकं कुठे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

दीनानाथ खारकर तीन वर्षं ते शोधत होते. उभा जन्म जहाजांवर इंजिनिअर म्हणून काढलेला, आता गुडघे गेलेले. ध्वनिलहरी सोडणाऱ्या सोनार यंत्रावर दिसणारा समुद्रतळ वाचायचं काम नागपूरच्या ऊर्मी वानखेडेकडे होतं. हॅलिफॅक्समधली नोकरी सांभाळून ती वीकेंडला त्यांच्या भाड्याच्या बोटीवर जायची. या सप्टेंबरात बोटवाल्याने बोट विकायला काढली. शोध संपला, सरकारला द्यायचा शेवटचा रिपोर्ट तेवढा उरला.

त्यासाठी ऊर्मीने सोनारच्या जुन्या फाइल्स नव्या सॉफ्टवेअरमधून काढल्या. पहिल्या वर्षीच्या एका चित्रात तिने 'खडक' असं लिहून ठेवलं होतं. आता तिथे चार सारख्या लांबीचे दांडे दिसत होते. तोफा होत्या त्या.

नवीन डेटात सापडलं असं सांगता आलं असतं. पण तिने गाडी काढली.

दीनानाथ किचनमध्ये गुडघ्याला शेक देत होते.

"काका, 'मेरी हॅलट' सापडली. पहिल्याच वर्षी सापडली होती. मी तिला खडक समजले."

त्यांनी शेकायची पिशवी बाजूला ठेवली. "आपण तिच्यावरून कितीदा गेलो?"

"दर ट्रिपला. बंदरातून निघायची वाटच ती."

"चिडायला हवं मी," ते म्हणाले, "पण दमलोय गं. रिपोर्टमध्ये तुझी चूक लिही. लपवू नकोस."

तिने लिहिली.

ऑक्टोबरात सरकारी पाणबुडे गेले. दीनानाथना बोटीवर चढवेना, म्हणून ऊर्मी एकटीच गेली. कॅमेऱ्यात शेवाळलेल्या चार तोफा दिसल्या. तिने फोन लावला.

"लाकूड काही उरलंय?"

"नाही काका. चिखल आहे नुसता."

"बरं," ते म्हणाले. "वारा सुटलाय. लवकर परत या सगळे."