तिसऱ्या रांगेतली मेहुणी

बॅडमिंटन हॉलच्या सेक्रेटरीने अकरा फोटो टेबलावर मांडले आणि विचारलं, "काका, यात खेळाडू कुठे आहे?"

खेळाडू होता. हवेत होता, रॅकेट डोक्यावर होती, आणि तो धुरकट होता. त्याच्या मागे, तिसऱ्या रांगेत, काकांची मेहुणी मात्र लख्ख दिसत होती. एका फोटोत जांभई देत होती, एकात डब्याचं झाकण उघडत होती.

"रविवारी फायनल आहे," सेक्रेटरी म्हणाला. "परत असंच झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. राग मानू नका."

काकांनी राग मानला नाही. बावीस वर्षं ते या हॉलमध्ये फोटो काढत होते. खेळाडू त्यांना क्लिककाका म्हणायचे. बायकोला जाऊन आठ महिने झाले होते आणि घराबाहेर पडायला हे एवढंच कारण उरलं होतं. ते सरळ कॅमेऱ्याच्या दुकानात गेले.

दुकानदाराने कॅमेऱ्याची नवी बॉडी काढली. "लेन्स तुमच्याच चालतील. सेकंदाला तीस फोटो. हॉलमधल्या उजेडात, फ्लॅश न मारता, शटलचं फूल हवेत थांबवते."

"खेळाडू दिसेल का?"

"म्हणजे?"

काकांनी फोटो दाखवले.

"या बाई कोण?"

"मेहुणी. डबा घेऊन येते. मी जेवतो की नाही ते बघायला."

"मग त्यांच्यावर फोकस कशाला धरता?"

"मी खेळाडूवरच धरतो. कॅमेरा तिच्याकडे पळतो. म्हातारा झालाय."

दुकानदाराने जुना कॅमेरा घेतला आणि बराच वेळ बटणं दाबत राहिला. मग त्याने स्क्रीन काकांसमोर धरली. 'ओळखीचे चेहरे' असं वर लिहिलं होतं आणि खाली एकच चेहरा होता. ओले केस, कपाळाला आठी.

"ही माझी बायको," काका म्हणाले.

हा कॅमेरा आणला त्या दिवशी दोघं स्वयंपाकघरात माहितीपुस्तक उघडून बसले होते. गर्दीत आधी कोणाला शोधायचं, असं कॅमेऱ्याने विचारलं. घरात तिसरं कोणी नव्हतं. "माझा चेहरा कशाला? मी काय स्मॅश मारणार आहे?" ती म्हणाली होती. घातला, आणि दोघंही विसरले. सामन्याला ती काकांच्या पाठीमागे स्टुलावर बसायची, मांडीवर बॅटऱ्यांची पिशवी घेऊन. कॅमेऱ्यासमोर कधी आलीच नाही.

"मेहुणी बहिणीसारखी दिसते, म्हणून हा फसतोय," दुकानदार म्हणाला. "पुसून टाकू? दोन मिनिटांचं काम आहे."

"नको."

"मग शोधणं बंद करतो. चेहरा आत राहील, कॅमेरा शोधणार नाही."

"शोधणार नाही तर आत राहून करायचं काय?"

दुकानदाराने नवी बॉडी पुढे सरकवली. "मग ही घ्या. कोरी आहे. हिच्यात कोणीच नाही."

काकांनी ती उचलली. हलकी होती. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा टिपून पाहिला, अगदी स्वच्छ आला.

"चांगली आहे," ते म्हणाले. ती जागेवर ठेवली, जुना कॅमेरा गळ्यात अडकवला आणि निघाले.

रविवारी मेहुणी डबा घेऊन तिसऱ्या रांगेकडे निघाली, तेव्हा काकांनी हाक मारली.

"धाकटे, तिकडे नको. इथे माझ्या मागे बस."

"का हो भावजी? तिथून छान दिसतं."

"तिथून तू छान दिसतेस. तेच नकोय."

"जन्मात एकदा कौतुक केलंत, तेही हुसकून लावताना," ती म्हणाली, पण स्टूल ओढून बसली. काकांनी बॅटऱ्यांची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

पहिला गेम संपता संपता ती म्हणाली, "ताई इथे कशी काय बसायची? काही दिसत नाही. नुसती तुमची पाठ."

"तीही हेच म्हणायची," काका म्हणाले आणि खेळाडू उडाला तसं बटण दाबलं.

सोमवारी सेक्रेटरीने फोटो पाहिले. खेळाडूच्या भुवईवरचा घामसुद्धा दिसत होता.

"वा! कुठला कॅमेरा घेतलात?"

"जुनाच आहे. मेहुणीची जागा बदलली."

सेक्रेटरीने जास्त चौकशी केली नाही. पुढच्या मोसमाच्या यादीत त्याने काकांचं नाव लिहिलं. त्याच्या खाली 'स्टूल, एक' असंही काकांनी त्याला लिहायला लावलं.