पलंगाची खोळ

परदेशी निघताना मी फ्लॅट विकला नाही, भाड्यानंही दिला नाही. "आपलं घर मागे असलं की माणूस परत येतो," असं मी भेटेल त्याला सांगत होते. वहिनी म्हणाली, "ताई, परत येणारा माणूस कुलपाला तेल घालून जात नाही." वहिनीच्या जिभेला हाड नाही, पण नजर तिची पक्की आहे.

दादानं एकदाच विचारलं होतं. "बाबांना राहू देशील का तिकडे? आमच्याकडे पोरं मोठी झालीत. बाबांची खाट पॅसेजमध्ये आलीये, जाणारा-येणारा त्यांना अडखळतो."

"एकटे? या वयात? काही झालं तर धावायला कोण?" मी म्हटलं.

ऐकायला किती मायेचं! खरं कारण वेगळंच होतं. आज बाबा, उद्या पोरांचा अभ्यास, परवा वहिनीचा भाऊ. ओसरी दिली की हातपाय पसरले जातात ही म्हण मी माझ्या सख्ख्या बापाला लावली, मनातल्या मनात का होईना. दादानं पुन्हा विषय काढला नाही. ते मला जास्त टोचलं, म्हणून मी त्याच्यावरच चिडून राहिले.

बाबा शिंपी. दुकान केव्हाच बंद केलं, पण हात गप्प बसत नाहीत. मी जाणार म्हटल्यावर त्यांनी उरल्यासुरल्या शर्टाच्या कापडाच्या खोळी शिवल्या, खुर्च्यांना, टेबलाला, फ्रिजलासुद्धा. पलंगावर मी गाद्या दुमडून ठेवल्या होत्या, त्यावर भांड्यांचे आणि पुस्तकांचे खोके, त्यावर मिक्सर. त्या सगळ्या डोंगराला एक भली मोठी रेघारेघांची खोळ. दारात मी हळूच म्हटलं, "बाबा, कुणाला काही वापरू देऊ नका हं. पलंग तर मुळीच नको." आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

"तू निर्धास्त जा," बाबा म्हणाले.

इथे मी कवळ्या तयार करणाऱ्या लॅबमध्ये काम करते. दवाखान्यातून तोंडाचे साचे येतात, मी प्लास्टर ओतते, मेणात एकेक दात बसवते. ज्याच्या तोंडात ते जाणार त्याचं तोंड मी कधी बघत नाही. कामात मी चोख आहे. एवढी, की मालकीणबाईंनी मला कायम केलं आणि मी हो म्हणून मोकळी झाले. घरी मात्र कुणाला बोलले नाही. "उन्हाळ्यात येतेच आहे," एवढंच सांगत राहिले.

दर रविवारी बाबा फ्लॅटवरून व्हिडिओ कॉल करायचे. खिडक्या उघडायचे, नळ सोडायचे आणि फोन नळापुढे धरायचे. "बघ, पाणी आलं. बघ, बंद केला." मी इकडे भाजी चिरत हूं हूं करायची.

परवाच्या रविवारी त्यांच्या हातातला फोन हलला आणि मला पलंगाशेजारची फरशी दिसली. तिच्यावर वर्तमानपत्रं पसरलेली. उशाला टॉवेलची गुंडाळी.

"तिथे कोण झोपतं?"

"कुठे? कुणी नाही." बाबांनी पायानं कागद पलंगाखाली सारले.

माझं डोकंच फिरलं. कॉल तोडून मी दादाला फोन लावला. "एवढं सांगून गेले होते मी! पोरं जातात ना तिकडे? की तू?" वहिनीनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"बाबा जातात, ताई. रोज जेवण झालं की. घराला हवा लागली पाहिजे म्हणतात. इथे दुपारी पोरांचा दंगा, त्यांचा डोळा लागत नाही. तिकडे फरशीवर घटकाभर पडतात आणि संध्याकाळी परत येतात. चोर पकडलात, शाब्बास!"

मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. पुन्हा बाबांना कॉल केला. ते अजून तिथेच उभे होते, शिक्षा झालेल्या मुलासारखे.

"बाबा, फरशीवर कशाला झोपता?"

"गार असते गं. पाठीला बरं."

"ती खोळ काढा. खोके खाली उतरवायला दादाला बोलवा, गादी पसरा आणि पलंगावर झोपा."

"निघायची नाही ती." बाबांनी खाली वाकून फोन पलंगाखाली धरला. खोळ तळाशी चारही बाजूंनी बंद होती, हातानं घातलेल्या बारीक, सारख्या टाक्यांनी. "तू म्हणालीस ना, कुणी वापरायचा नाही? म्हणून तू गेल्यावर शिवूनच टाकली."

"मग उसवा!"

"गिऱ्हाईक समोर असल्याशिवाय आपण उसवत नाही. माहितीये ना तुला?"

माहीत होतं. कुणी निरोप पाठवला की कंबर सैल करून ठेवा, तर बाबा कपडा खिळ्याला अडकवायचे. म्हणायचे, माणूस येऊ दे, अंगावर बघू, मग टाका काढू. तो खिळा कायम भरलेला असायचा.

"उन्हाळ्यात येतेच आहेस," बाबा म्हणाले. "तू समोर उभी राहा, मी उसवतो. तोवर फरशी कुठे पळून जातेय?"

हो म्हणणं किती सोपं होतं. आजवर तेच तर म्हणत आले होते. आणि हो म्हटलं असतं, तर माझ्या खोट्यावर माझा बाप रोज दुपारी कागद पसरून झोपला असता.

"बाबा, मी येणार नाहीये. भेटायला येईन. राहायला नाही. इथे मला कायम केलंय, मी हो म्हटलंय. घर तुमचं. दुपारीच कशाला, रात्रीही तिथेच राहा."

बाबांनी तळव्यानं खिडकीची कड पुसली, मग तळवा बघितला.

"मी खोळ शिवत होतो तेव्हाही ठरलं होतं?"

"ठरलं नव्हतं," मी म्हटलं. मग लाज वाटून खरं बोलले. "पण मला माहीत होतं."

"बरं. कात्री कुठे आहे तुझी?"

"ओट्याखाली, वरच्या खणात."

त्यांनी फोन खुर्चीवर ठेवला. मला नुसतं छत दिसत होतं आणि बंद पंखा. कात्रीचा आवाज येत होता, कापड जपत एकेक टाका कापल्याचा. मी फोन समोर धरून रडत होते आणि आवाज जाऊ नये म्हणून तोंडावर हात दाबत होते.

बऱ्याच वेळानं बाबा पुन्हा समोर आले. चष्म्यावर धूळ, खांद्यावर रेघारेघांचं कापड.

"उसवलं," ते म्हणाले. "आता तुझं हे सामान कुणाला द्यायचं, तेही आजच सांगून टाक."