डावी काडी

“चष्मा वाकलाय तर गल्लीच्या तोंडाशी दुकान आहे, तिथे जा. त्याच्या दुकानाची पायरी चढू नकोस, उगीच जिवाला घोर लावून घेशील,” मोठ्या बहिणीने बजावलं होतं. तिने ते उडवून लावलं. बाळाने ओढून चष्मा वाकडा केला होता, हे काय खोटं होतं? बाळाला कडेवर घेऊन, दोन बस बदलून ती त्याच्या दुकानात पोचलीच.

लग्न दुसऱ्याशी तिनेच केलं होतं. तरी त्याने आपल्याला विसरू नये, ही हाव काही सुटत नव्हती. चष्मे बसवायला तो शिकला तो तिच्याच कानांवर. “तुझा डावा कान भांडखोर आहे, सारखा वर चढून बसतो,” म्हणत तो तिच्या चष्म्याची डावी काडी गरम करून हलकेच वर उचलायचा. तिचे कान वरखाली आहेत, याचा नवऱ्याला पाच वर्षांत पत्ता नव्हता.

काउंटरवर त्याची बायको होती. नीटनेटकी, हसरी, म्हणजे आणखीच डोक्यात जाणारी. आतल्या खोलीच्या अर्धवट दारातून टेबलावर वाकलेली त्याची पाठ तेवढी दिसत होती.

“अहो, एवढ्या काड्या सरळ करा,” म्हणत बायकोने चष्मा आत दिला. कुणाचा, हे त्याने विचारलं नाही. मान वळवली नाही.

चष्मा परत आला. तिने घातला. अगदी जिथल्या तिथे. दुसरीकडे तीनतीनदा घालून-काढून जमत नसे, ते त्याला न बघता जमलं होतं. तिचा चेहरा असा खुलला की बाळही हसायला लागलं.

“बसला?” बायको चकित. “नशीबवान आहात, ताई. यांची एक खोड आहे. कुणाचाही चष्मा द्या, डावी काडी उचलून ठेवणार. मग लोकांची डावी काच गालावर उतरते. दिवसभर मी तेच निस्तरत बसते.”

“त्यांना सांगत नाही?”

“सांगते ना. म्हणतात, मी कुठे उचलतो? हाताची सवय, दुसरं काय. आता मीच शिकलेय. पुढच्या महिन्यापासून ते काचा घासतील, बसवायचं काम माझं.”

ती वरवर हसली. आपला कान गावभर लोक मिरवताहेत, ते एक वेळ चालेल. पण ही बाई रोज स्वतःच्या बोटांनी तो पुसून टाकत होती, आणि कुणाचा आहे याची गंधवार्ताही नसताना. केस मागे सारून कान दाखवावा, असं अगदी वाटून गेलं. पण कळलं तर तो सावध होईल, आणि आहे तेवढंही जाईल. तिने केस कानावर आणखी ओढून घेतले.

तो पुढचा महिना लागून आठ दिवस झालेत. बाळाने चष्म्याला हात लावलेला नाही, आणि मुद्दाम वाकवायचा तिला धीर होत नाही. तेव्हा तुम्हीच कधी त्या बाजूला गेलात तर चष्मा ढिला झालाय म्हणून आत शिरा. काडी कोण वाकवतं ते बघा. आणि आत पाठमोरा बसलेला असेल, तर त्याला एकदा हाक मारून बघा. बरा आहे ना, तेवढं कळवा.