आंघोळ घालून पाठवलेले तेल

मित्रांनो, धारणीच्या बसस्थानकामागच्या गल्लीत, कडुनिंबाखाली विटांवर उभी केलेली एक जीप तुमच्या पाहण्यात आली असेल, तर ती मी. चाके काढून घेतलेली आहेत आणि बॉनेटवर दुपारी कोंबड्या बसतात. हसू नका. एके काळी घाटातली माकडेसुद्धा माझा हॉर्न ओळखून रस्ता सोडत असत.

कारखान्यातून मी निघाले तेव्हा माझा रंग दुधासारखा होता. पहिली काही वर्षे मी एका सरकारी साहेबांची गाडी होते. मागे पडदे, पुढे झेंड्याची दांडी, असा माझा थाट होता. साहेब बदलत गेले, पडदे विटले, आणि मग परतवाड्याच्या लिलावात मला उन्हात उभी केली. लोक येत, टायरला लाथ मारत आणि पुढे जात. धर्मपालने मात्र लाथ मारली नाही. त्याने इंजिन सुरू केले, डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला, "आवाज खरा हाय हिचा." त्या एका वाक्यावर मी त्याची झाले.

त्यानंतर सेमाडोहचा घाट आणि मी, असेच आमचे आयुष्य चालले. बाजाराची माणसे, मोहाची पोती, बदलीवर आलेले मास्तर आणि त्यांच्या ट्रंका, सगळे मी वाहिले. पण माझे खरे काम पावसाळ्यात असे. नाल्याला पूर आला आणि दवाखान्याची गाडी पलीकडे अडकली, की लोक धर्मपालच्या दाराशी येत. तो चहाचा कप अर्धा ठेवून उठे. अशाच एका फेरीत, कोलकासच्या वळणापाशी, माझ्या मागच्या सीटवर एक मुलगी जन्मली. तिचे नाव फुलवंती. ती पहिल्यांदा रडली तेव्हा धर्मपालने गाडी बाजूला घेतली आणि तोही रडला. मी तिथे नुसती धडधडत उभी होते, पण एवढा अभिमान मला साहेबांच्या झेंड्याचाही कधी वाटला नव्हता.

वय कोणाला चुकले आहे? दोन-तीन वर्षांमागे, उन्हाळ्यात, माझ्या पोटात एक बारीक ठकठक सुरू झाली. चढावर ती इंजिनाच्या आवाजात दबून जाई. गाडी उभी राहिली की तेलाचा लाल दिवा लुकलुके. धर्मपाल हाताने डॅशबोर्ड थोपटून म्हणे, "दिवाच खराब असन." दिवा खराब नव्हता. मला ते ठाऊक होते, पण यंत्राला तोंड नसते. त्याच्याजवळ एवढा एक दिवा असतो, आणि तोही कोणी मानला तर.

धर्मपालची मुलगी रश्मी अकोल्याला शेतीयंत्रांच्या दुकानात नोकरी करते. ती सुटीत आली, एकदा माझ्यात बसून बाजारापर्यंत गेली, ती ठकठक ऐकली आणि घरी येऊन म्हणाली, "बाबा, हिचं तेल तपासून घेऊ. आमच्याकडे हार्वेस्टरचं पाठवतात. माणसाचं रक्त तपासतात ना, तसंच. इंजिन आतून झिजत असन तर तेलात धातू दिसतो."

"आन् दिसला तर?"

"तर हिला घाटात न्यायचं नाई. माणसं बसतात तिच्यात, बाबा."

धर्मपाल उठून माझ्याजवळ आला. मग म्हणाला, "बरं. तपासणी वाईट निघाली तं त्या दिवसापासून घाट बंद. शब्द देतो तुले."

मित्रांनो, माझा निकाल आता एका बाटलीत मावणार होता. भंगारात जायची भीती मलाही वाटत होती. पण त्या ठकठकीसकट, माणसे भरून, घाटाच्या कडेने धावण्याची भीती त्याहून मोठी होती.

रश्मीने अकोल्याहून टपालाने एक स्वच्छ बाटली, एक लांब नळी आणि पिचकारी पाठवली. फोनवर सगळे समजावले. गाडी फिरवून आणायची, इंजिन गरम असतानाच तेल मोजायच्या पट्टीच्या भोकातून नळी घालायची, तेल मधून ओढायचे, बाटलीत धूळ जाऊ द्यायची नाही. धर्मपालने सगळे नीट ऐकले. एक गोष्ट मात्र तिने सांगितली नाही, कारण ती सांगावी लागेल असे तिच्या स्वप्नातही आले नाही.

बाटली हातात घेऊन धर्मपालने पट्टी ओढली. तेल डांबरासारखे काळे होते. इंदूबाई, त्याची बायको, पदराने हात पुसत बाहेर आली आणि तिने नाक मुरडले.

"आवो, हे असं काळंमिट्ट पाठवता काय?"

"मंग?"

"लेकराले दवाखान्यात न्याचं असलं तं आपण आंधी आंघोळ घालतो, धुतलेला सदरा घालतो. हे तेल पाहून लॅबवाले काय म्हनतीन? म्हनतीन, धर्मपाल गाडीकडं पाहतच नाई."

हे त्याला लागले. गाडीची निगा हा त्याचा जीव की प्राण. त्याने त्याच संध्याकाळी तेलाच्या चेंबरचा नट खोलला, सगळे जुने तेल पत्र्याच्या डब्यात काढले, फिल्टर बदलला आणि नवे तेल ओतले. बाजारापर्यंत एक चक्कर मारून आला आणि रश्मीने सांगितले तसे, गरम इंजिनातून, नळीने, धूळ न लागू देता बाटली भरली. इंदूबाईने ती कापसात गुंडाळली, वरून दोन पिशव्या बांधल्या. टपाल कचेरीतल्या बाईंनी विचारले, "आत काय आहे?" धर्मपाल ताठ उभा राहून म्हणाला, "गाडीचं रक्त हाय, बाई. सांभाळून." त्या दोघांच्या मायेत काडीचीही खोट नव्हती. आणि त्या बाटलीत माझा एक थेंबही नव्हता.

निकाल आला तेव्हा रश्मीचा आवाज फोनमधून अंगणभर ऐकू आला. "बाबा, एकदम चांगलं! लॅबवाले म्हणे, नव्या तेलासारखं आहे!"

"अवं, माही गाडी नवीच हाय!" धर्मपाल ओरडला आणि त्याने गल्लीत पेढे वाटले. एक पेढा माझ्या बॉनेटवरही ठेवला. माझ्या पोटात ठकठक तशीच होती.

माझ्या सीटवर जन्मलेली फुलवंती आता सासरी होती, आणि तिचे दिवस भरत आले होते. पोटात जुळी होती, आणि डॉक्टरांनी अमरावतीला न्यायला सांगितले होते. रस्ता घाटाचाच. तिच्या घरच्यांनी दुसरी कोणती गाडी विचारलीसुद्धा नाही. ठरल्या दिवशी सकाळी ती हळूहळू चालत अंगणात आली आणि मागच्या सीटवर बसली. तिची सासू शेजारी बसली, पायाशी कपड्यांची पिशवी ठेवली. धर्मपाल किल्ली घेऊन आला.

इंदूबाई छपरीत होती. छपरीच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून आमच्याकडे गाडीचे जळके तेल फासतात. डब्यातले माझे तेल तिने आदल्या दिवशी ढवळून खांबांना फासले होते. आता कोवळे ऊन तिरपे छपरीत शिरले होते.

"आवो," ती म्हणाली, "हा खांब काहून चमकून राहिला?"

धर्मपालने वळून पाहिले. काळ्या खांबावर बारीक सोनेरी कण लुकलुकत होते. तो जवळ गेला, खांबावर बोट फिरवले आणि ते उन्हात धरले. तीस वर्षे स्टीअरिंगवर काढलेल्या माणसाला आणखी काही सांगावे लागले नाही. त्याने खांबाला डोके टेकवले.

"इंदू," तो म्हणाला, "आपण रिपोर्ट नव्या तेलाचा आणला. हिचं झिजलेलं बेअरिंग तं या खांबावर हाय."

मग तो माझ्याजवळ आला आणि मागचे दार उघडले.

"फुलवंती, उतर बाई. दुसरी गाडी बोलावतो."

"मामा, मी हिच्यातच जाईन," ती म्हणाली. "मी हिच्यातच झाली."

"म्हणूनच उतर," धर्मपाल म्हणाला. त्याने तिच्या पायाशी ठेवलेली पिशवी उचलली.

दुसरी गाडी आली आणि फुलवंतीला घेऊन गेली. ती वळणाआड जाईपर्यंत मी पाहत राहिले. वाईट वाटले, फार वाटले. पण किती तरी दिवसांनी मला मोकळा श्वासही घेता आला.

त्याच दिवशी धर्मपालने डब्यात उरलेले जुने तेल, जसे होते तसे, दुसऱ्या बाटलीत भरून पाठवले. या वेळीही इंदूबाईनेच कापूस गुंडाळला. निकाल सांगताना रश्मीचा आवाज अंगणात ऐकू आला नाही. धर्मपाल फोन कानाला लावून माझ्या दारापाशी उभा होता. शेवटी एवढेच म्हणाला, "शब्द दिला हाय, पोरी. घाट बंद." मेकॅनिकने इंजिन खोलले तेव्हा पार झिजलेले बेअरिंग सगळ्यांनी पाहिले. घाटाच्या मधल्या वळणावरच इंजिन जाम झाले असते. भंगारवाला दोनदा येऊन गेला. धर्मपालने त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादे जुने यंत्र असेल, एखादे थकलेले माणूसही असेल. त्याला 'कसा आहेस' असे विचाराल, तेव्हा त्याला आधी नवे कपडे घालू नका. चारचौघांत आपली शोभा होईल म्हणून त्याचा काळा रंग पुसू नका. त्या काळ्यातच त्याचे म्हणणे असते. ते ऐकायला धीर लागतो, आणि प्रेमाइतकाच तो धीरही त्याला हवा असतो.

फुलवंतीची दोन्ही लेकरे आता चालायला लागली आहेत. बाजाराच्या दिवशी ती त्यांना माझ्या मागच्या सीटवर सोडते, आणि ती कोंबड्यांना हाकलत, हॉर्नच्या जागी तोंडाने आवाज काढत, अख्खा घाट चढतात. मी आयुष्यात कितीक माणसे घाटापार नेली, पण या दोघांना नेले नाही. म्हणून ती आज माझ्या सीटवर उड्या मारत आहेत.