दिवसाचं पाणी

मी रस्ते झाडते. तैझ शहरात ज्या गल्लीत आमच्या हातचा चहासुद्धा कुणाला चालत नाही, तिथली घाण मात्र माझ्याच झाडूनं निघते. आणि आमच्या वस्तीत चाळीस झोपड्यांना मिळून एकही संडास नाही. जागेचा मालक शेख नुमान खड्डाच खणू देत नाही. म्हणतो, "आज खड्डा खणाल, उद्या भिंत बांधाल, परवा जागा आमचीच म्हणाल." जळो मेल्याची जागा.

म्हणून आम्ही बायका ओढ्यात जातो, तेही अंधार पडल्यावर. दिवसा तिथं पुरुष नशेची पानं चघळत बसलेले असतात. थोरली लुत्फिया सात वर्षांची झाली तेव्हाच मी तिला बजावलं होतं, "दिवसा पाणी प्यायचं नाही. चारचौघांत लाज जाईल." पोर एवढी ऐकणारी, की उन्हात बाटल्या वेचताना जीभ कोरडी पडली तरी घोट घेत नसे. मला तिचं कौतुक वाटायचं. काय म्हणावं माझ्या अकलेला.

तेराव्या वर्षी तिला कॉलरा झाला. सकाळी लपतछपत चारदा ओढ्यात जाऊन आली, कुणाला बोलली नाही. मी कामावरून परतले तोवर डोळे खोल गेले होते. दवाखान्यात खाट नव्हती. तिथल्या बाईंनी मिठासाखरेच्या पुड्या दिल्या. "पाण्यात कालवून पाजत राहा. थांबलात तर पोर हातची जाईल."

"पी गं."

"नको."

"तोंड उघड, नाहीतर थोबाडीत देईन."

"प्यायले की परत होईल, आई. बाहेर बाबा आहेत, बाकीचे बसलेत. सगळं ऐकू जातं."

आमच्या भिंती म्हणजे फाडलेली पोती. "होऊ दे. अंथरुणात कर, मी धुते."

"कशानं धुशील?"

पुडी कालवली तेवढंच डबाभर पाणी घरात होतं.

शेजारची जुमआ खाला बाहेर जाऊन पुरुषांवर खेकसली, "उठा रे मुडद्यांनो, पोरगी मरतेय इथं." ते उठले आणि दहा पावलांवर जाऊन बसले. लुत्फियानं दात असे आवळले होते की चमचा आत जाईना. मी शिव्या घातल्या, हात जोडले. "बाई गं, मी तुला चुकीचं शिकवलं. दिवसाही प्यायचं असतं." जणू मी तिला भर रस्त्यात उघडी करतेय, अशी ती माझ्याकडे बघत होती.

"अंधार पडू दे," ती म्हणाली. "मग सगळं पिते."

सूर्य बुडून मगरिबची बांग झाली तेव्हा तिनं आपणहून तोंड उघडलं. मी चमचा ओतला. पाणी ओठांच्या कडेनं मानेवर ओघळलं, आत गेलंच नाही. मी दुसरा ओतला, तिसरा ओतला. जुमआ खालानं माझं मनगट धरलं, तरी मी ओततच राहिले.