जुगोतली सही

येर्कोच्या मुलाला, तोन्चीला, पहिला दात आला, त्या वर्षी मला अक्षरे आली. त्याआधी मी नुसती फळी होते. येर्कोच्या वडिलांच्या होडीच्या मागच्या बाजूला मी तीस वर्षे खारे पाणी खाल्ले. होडी कुजली, मी तुतीच्या लाकडाची, मी कुजले नाही. मित्रांनो, आता मी एक म्हातारी पाटी आहे. माझ्यावर लिहिलेल्याचा अर्थ एवढाच, की या घरात पाहुण्यांना खोल्या मिळतील.

येर्कोने मला घासून पांढरे केले आणि होडीचा उरलेला निळा रंग घेऊन तो लिहायला बसला. तो स्वतः तिशी उलटल्यावर लिहायला शिकला होता. आमच्या भाषेतला शब्द त्याने नीट काढला. खाली परदेशी पाहुण्यांसाठी तोच शब्द जर्मन भाषेत लिहिताना मात्र जे अक्षर दोनदा हवे, ते त्याने एकदाच काढले. शेजारची याकित्सा कुंपणावरून म्हणाली, "येर्को, पोराला दात आला आणि पाटीचा पडला की रे."

येर्को मला पुसायला निघाला. त्याची बायको पेरिना म्हणाली, "राहू दे. माणूस चूक बघायला थांबतो. बरोबर बघायला कोण थांबतं?"

तिचे खरे ठरले. पाहुणे थांबत, हसत, बोट लावून दाखवत, की बाई, इथे एक अक्षर कमी आहे. पेरिना म्हणे, "तेवढीच जागा रिकामी आहे. या."

आमच्या बेटावर तेव्हा वीसएक घरे पाहुणे ठेवत. बोट यायच्या वेळी सगळ्या बायका पाट्या घेऊन धक्क्यावर उभ्या राहत. ओरडायचे नाही, पुढे सरकायचे नाही. पाहुण्याने ज्या पाटीकडे आधी पाहिले, त्या घरचा तो पाहुणा. बाकीच्यांनी पाट्या लगेच खाली करायच्या. हा नियम कोणी लिहिलेला नव्हता, म्हणून कोणी मोडतही नव्हते.

मग लढाई आली. पाच उन्हाळे एकही पाहुणा आला नाही. मी कोंबड्यांच्या खुराड्याचे झाकण झाले. माझ्या अक्षरांवर कोंबड्या बसत, आणि पुढचे तुम्हाला सांगायला नको. लढाई संपली तेव्हा येर्को या जगात नव्हता. पेरिनाने मला व्हिनेगरने धुतले, उन्हात ठेवले आणि पुन्हा एकटीने धक्क्यावर नेले.

पाहुणे परत आले. पण काही वर्षांनी त्यांच्या हातात फोन आले. खोली ते घरूनच ठरवून येत. बोटीतून उतरत ते तळहातावर नजर ठेवून, आणि चाकांच्या बॅगा खडखडवत निघून जात. वीस पाट्यांच्या चार उरल्या. पेरिनाची पंचाहत्तरी आली तरी ती रोज मला छातीशी धरून उभी राहायची.

तोन्ची त्या बोटीवरच कामाला होता. बोट धक्क्याला लागताना वरून दोर फेकायचा, हे त्याचे काम. आता ज्या चार दिवसांबद्दल सांगणार आहे, त्यातले दोन दिवस बोट मात्र हलली नाही.

ईस्टरच्या आधीचा आठवडा होता. सोमवारच्या शेवटच्या बोटीने वेदरान नावाचा माणूस राजधानीहून आला. पाइनच्या रानापलीकडचे मोठे हॉटेल त्याच्या कंपनीचे. बंदरावरची जुनी घरे घेऊन त्यांचे आणखी एक मोठे हॉटेल करायचे त्यांनी ठरवले होते. आमचे घर पेरिना आणि तोन्ची दोघांच्या नावावर होते. दोघांच्या सह्या झाल्या की घर गेले. आणि घर गेले की मी जळणात जाणार, हे मलाही कळत होते.

वेदरानने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद ठेवला. मी दाराआड खिळ्याला टांगलेली होते.

"मावशी, इथं सही करा. तोन्चीने केलीय."

पेरिना बटाटे सोलत होती. "बाहेर काय वाहतंय?"

"वारा."

"कुठला?"

वेदरानला वारा म्हणजे वारा. तोन्ची मान खाली घालून म्हणाला, "जुगो."

जुगो म्हणजे दक्षिणेचा ओला, उबट वारा. तो लागला की आमच्याकडे भिंती घामेजतात, सांधे दुखतात, नवराबायको उगाच भांडतात.

"जुगोत इथं कुणी सही करत नाही," पेरिना म्हणाली. "लग्न ठरवत नाही, जमीन विकत नाही. पूर्वी म्हणे न्यायाधीशसुद्धा निकाल पुढं ढकलायचे. जुगोत डोकं भिजल्या पावासारखं होतं."

"मग सही कधी?"

"वारा पडला की उत्तर देईन."

"सही की उत्तर?"

"वारा पडला की कळेल. खोली वर आहे. उशा दोन हव्यात की एक?"

वेदरानला दुसरी जागाच नव्हती, कारण लाटा धक्क्यावरून उड्या मारत होत्या, बोट बंद झाली होती, आणि वेदरानच्या कंपनीचे मोठे हॉटेल मे महिन्याशिवाय उघडत नव्हते. याकित्सा कांदे मागायला म्हणून आली आणि त्याला बघून घेऊन म्हणाली, "अगं पेरिने, घर गिळायला आलेला माणूस तुझ्याच घरात झोपणार? बरं आहे. चादर चांगली घाल. गिळताना आठवण राहील."

वेदरान वाईट माणूस नव्हता. त्याने दोन वाट्या घेवड्याचे सूप संपवले आणि आपली वाटी आपण विसळली.

मंगळवारी जुगो वाढला. रेडिओवर दिवसातून तीनदा हवामान सांगत आणि बोट बंद असल्याचे सांगत. त्यानंतर हंगामाच्या प्रवासाच्या बातम्या. यंदा ईस्टरला अमुक इतके प्रवासी येणार, मोठी हॉटेले भरली, लोकांना आता सगळे एका छताखाली लागते, घरगुती छोट्या हॉटेलांचे दिवस भरत आले. सांगणाऱ्याचा आवाज मोठा गोड होता. तोन्चीने बटणाकडे हात नेला.

"असू दे," पेरिना म्हणाली. "ऐकू दे मला, मी कधी मरणार ते."

तोन्ची खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. पन्नाशीचा माणूस, पण आईसमोर बसला की हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नसे.

"एवढी घाई कशाची तुला?" पेरिनाने विचारले. "बायको म्हणाली का, शहरात राहू?"

"ती काही म्हणाली नाही."

"मग?"

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "मी वरून बघतो, आई. रोज. माझ्या हातात दोर, आणि खाली तू पाटी धरून उभी. पन्नास माणसं तुझ्या अंगावरून जातात. एकजण मान वर करत नाही. बरोबरचे खलाशी विचारतात, ती तुझी आई ना. मी म्हणतो, हो. मग दोर टाकतो. तीस वर्षं टाकतोय, पण तू उभी असलीस की तो कधी सरळ पडत नाही."

पेरिनाने सुरी खाली ठेवली. इतकी वर्षे मी तिच्या छातीशी होते. ती पाहुण्यांचे पाय बघायची, बॅगा बघायची. वर कोण उभे आहे आणि तिथून काय दिसते, याचा विचार तिने एकदाही केला नव्हता. मीही नव्हता केला.

"हे आधी का नाही बोललास?"

"कसं बोलू?"

"आणि सही जुगोत केलीस."

"केली."

बुधवार तसाच गेला. कोणी मोठ्याने बोलत नव्हते. कागद टेबलावरच होता. ओलाव्याने त्याचे कोपरे वळले होते. येता-जाता प्रत्येकजण त्याच्याकडे बघायचा आणि बघितले नाही असे दाखवायचा. घरात कोणीतरी आजारी असावे तसे वाटत होते.

गुरुवारी सकाळी वारा पडला. इतका एकदम पडला, की पेरिना गाळणी हातात धरून उभीच राहिली. रेडिओने सांगितले, बोट नऊला सुटेल आणि दुपारी परत येईल. वेदरान बॅग घेऊन खाली आला.

"वारा पडला, मावशी."

"पडला."

स्वतःच घातलेली अट आता तिच्यासमोर उभी होती. तिने ॲप्रनला हात पुसले, कागद उचलला, घडी केली आणि त्याच्याच खिशात घातला.

"पेन देऊन ठेव," ती म्हणाली. "दुपारच्या बोटीतून उतरलेल्या एका जरी माणसाने ही पाटी वाचून मला विचारलं, की खोली आहे का, तर घर राहील. कुणी नाही विचारलं, तर तिथंच धक्क्यावर सही करीन आणि कागद तोन्चीच्या हातात देईन. माझा शब्द."

वेदरानने तोन्चीकडे पाहिले. तोन्चीचा चेहरा पडला होता. दुपारी काय होणार, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. दोघे बोटीने गेले.

दुपारी पेरिनाने मला खिळ्यावरून काढून बंदरावर नेले. धक्क्यावर याकित्सा आणि दुसऱ्या दोघी आपापल्या पाट्या घेऊन आल्याच होत्या. समुद्र तेलासारखा गुळगुळीत होता. याकित्साने मात्र पलीकडच्या किनाऱ्यावरच्या डोंगराकडे बोट केले. डोंगराच्या माथ्यावर ढगाची पांढरी टोपी बसली होती.

"बुरा येतोय," ती म्हणाली.

बुरा म्हणजे उत्तरेचा कोरडा वारा. जुगो दार ढकलतो. बुरा दार उखडतो. बोट बंदराच्या तोंडाशी आली आणि त्याच वेळी तो उतरला. सपाट पाणी क्षणात पांढरे झाले. बोट तरीही धक्क्याच्या दोन हातांवर आली, पण तिला वारा मागे लोटू लागला. मागे खडक होते.

धक्क्यावर दोर धरणारा बेपो एकटाच होता. पुढचा दोर त्याने खुंटाला घातला, पण पाहता पाहता तो ताणला आणि तुटला. बेपो उताणा पडला. वरून तोन्चीने दुसरा दोर फेकला. तो बेपोपासून लांब, बायकांच्या पायाशी येऊन पडला आणि पाण्याकडे घसरू लागला.

पेरिनाने मला टाकून दिले. ठेवले नाही, टाकले. मी दगडावर आपटले आणि माझा एक कोपरा तुटून समुद्रात गेला. चारही पाट्या खाली पडल्या. चारही बायका दोरावर पडल्या. "ओढ गं, ओढ, मेले," याकित्सा दातांतून म्हणत होती. ती कोणाला म्हणत होती, ते तिलाही माहीत नसावे. दोर त्यांच्या हातांतून सरकला, थांबला, पुन्हा सरकला. मग पेरिनाने वाकून त्याचा फास लोखंडी खुंटावर घातला. बोट हिसका देऊन थांबली.

उतरायची फळी टाकली गेली. माणसे उतरू लागली. कोणाचा चेहरा पांढरा, कोणी ओकत होते, एक मूल रडत होते. मोठ्या बॅगा खडखडत माझ्या शेजारून गेल्या. एकाने माझ्यावर पाय दिला. मी मोजले नाही, पण पन्नासएक माणसे गेली असतील. पेरिना खुंटाजवळ बसून होती, तिच्या हातात पाटी नव्हती. तिच्याकडे वाचण्यासारखे काहीच नव्हते.

शेवटी दोन म्हाताऱ्या उतरल्या. बहिणी असाव्यात, दोघींचे नाक सारखे. उंच होती ती वाकली आणि तिने मला उचलले. बाहीने माझ्यावरचे पाणी पुसले. तिने मला वाचले. ओठ हलवत, शेवटपर्यंत. मग मान वर करून तिने तोडक्यामोडक्या शब्दांत विचारले, "ही कुणाची? खोली आहे का?"

मित्रांनो, तेव्हा याकित्साची पाटी तिच्या हातात परत आलेली होती. तिलाही पाहुणे हवेच होते. तिने ती पाटी हळूच खाली केली. दुसऱ्या दोघींनीही केली.

"आहे," पेरिना म्हणाली.

तोन्ची खाली आला. त्याने आधी आईचे हात बघितले. तळव्यांची कातडी दोराने सोलून निघाली होती. तिने खिशातून भिजलेला कागद काढून त्याच्यापुढे धरला.

"माझी सही यावर नाही. तुझी आहे, पण ती जुगोतली. ती मी धरत नाही. आता बुरा वाहतोय, डोकं साफ असेल. आता सांग, विकायचं?"

तोन्चीने कागद घेतला नाही. "आधी हातावर गोडं पाणी घाल, आई. मीठ झोंबेल." मग तो त्या दोघी बहिणींकडे वळला, त्यांच्या दोन्ही बॅगा उचलल्या आणि घराच्या दिशेने चालू लागला. कागद वाऱ्याने कधी नेला ते मी पाहिले नाही.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले, असे मी सांगणार नाही. पुढच्या हिवाळ्यात याकित्साने आपले घर विकले, चांगल्या स्वच्छ हवेत, विचार करून. तिथे आता हॉटेलच्या काचा आहेत. काही दिवस असे जातात की माझ्याकडे कोणी बघत नाही. पण तोन्ची आता बोटीवरून प्रवाशांना सांगतो, "खाली पाट्या आहेत, उतरताना वाचा." काहीजण वाचतात. माझ्या तुटक्या कोपऱ्यावर त्याने पत्र्याची पट्टी ठोकली आहे. अक्षरांना त्याने हात लावला नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, दूरदूर फिरायला जाल. खोली कशीही शोधा, त्याला माझी ना नाही. पण गावात पाय ठेवाल तेव्हा एकदा मान वर करा. कोणीतरी उभे असेल. खोली नको असेल तर नको म्हणा, पण त्या माणसाकडे बघून म्हणा. आणि तुमच्या घरातले कोणी असे कुठे उभे राहत असेल, तर त्याला दुरून बघून मान खाली घालू नका. जवळ जाऊन बोला.

पेरिना चार वर्षांपूर्वी, मार्चच्या नऊ तारखेला, दुपारी जेवण झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या वारली. त्या दिवशी घरात दोन पाहुणे होते.