हजार हिरवे दिवे

खाणीच्या फाटकाशी झुंबड उडाली होती आणि सगळ्यांचे डोळे एका पडद्यावर खिळले होते. पडद्यावर हजार दिवे. एकेक करत सगळे हिरवे झाले, तशी गर्दी एकाच वेळी रडली आणि हसलीही.

"एकमत!" साखळीसर हात उंचावून गरजले. "कालचंच उत्तर आजही! जगभरचे हजार साक्षीदार, म्हणजे हजार संगणक सांगताहेत, तुमची माणसं जिवंत आहेत. पूर्वेच्या बोगद्यात!"

हे साखळीसर कुठून उगवले, कुणालाच ठाऊक नव्हतं. खाणीचं छत कोसळलं, कॅमेरे आले आणि कॅमेऱ्यांपाठोपाठ हे. बोलणं मात्र तुपात घोळलेलं. "आमच्या ब्लॉकचेनचा, म्हणजे नोंदींच्या साखळीचा, खालचा थर नोंद जपतो, ती ब्रह्मदेव आला तरी खोडता येत नाही. वरचा थर विचार करतो! इतरांच्या साखळ्या नुसते करार पाळतात, आमच्या साखळीत बुद्धीच विणलीय!"

ड्रिलवाल्याची बायको सर्वांत पुढे होती. तिचा नवरा खाली अडकला होता. पश्चिमेच्या पाइपातून ठोकल्याचा आवाज येतोय, असं इंजिनिअर काल हात जोडून सांगत होता. ऐकतो कोण? तो आवाज बारीक होता आणि हिरवे दिवे लख्ख दिसत होते. भोक पाडणारं यंत्र पूर्वेला हलवा, म्हणून घसा फोडून ओरडणाऱ्यांत तीच पहिली होती. शेवटी कालच गर्दी आडवी पडली आणि यंत्र हललं.

"वहिनी, यांना विचारा तरी, खाली जाऊन पाहिलं कुणी?" नणंद म्हणाली. ती शाळेत संगणक शिकवायची.

"तुमचा सख्खा भाऊ आहे ना हो ताई खाली? मग असं अभद्र काय बोलता?"

"भाऊ आहे म्हणूनच बोलतेय."

ड्रिलवाल्याच्या बायकोने तोंड फिरवलं. पण शंकेचा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. शेजारी धाकटा दीर चहाचा कप धरून उभा होता. ती पुढे झाली आणि साखळीसरांना त्याचं नाव सांगितलं.

"याचंही बघा ना."

दिवे हिरवे झाले. "जिवंत! पूर्वेच्या बोगद्यात! श्वास चालू!"

"अहो, मी इथे आहे," दीर म्हणाला.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

नणंदेने झटकन साखळीसरांचा लॅपटॉप ओढला, आतला नियम उघडला आणि पडदाच गर्दीकडे फिरवला. साखळीत घातलेला नियम एवढासा होता: कुठलंही नाव आलं की उत्तर द्यायचं, जिवंत, पूर्व.

"संगणक खोटं बोलले नाहीत," ती म्हणाली. "नियम लिहिल्याप्रमाणे चालला, एवढ्यावरच त्यांचं एकमत. खाणीत काय चाललंय, ते त्यांना दिसतच नाही. आणि नियम लिहिला या गृहस्थांनी."

"पूर्वच का?" ड्रिलवाल्याच्या बायकोने विचारलं.

साखळीसरांची बोबडी वळली. "नकाशात... तो बोगदा मोठा दिसला. लोकांना आशा हवी होती हो!"

यंत्र पुन्हा पश्चिमेला आलं. इंजिनिअरने सगळ्यांना गप्प केलं. ड्रिलवाल्याच्या बायकोने पान्ह्याने पाइपावर ठोकलं आणि कान लावला. काल इथून उत्तर येत होतं. आज आलं नाही.

बाबांनो, हजार जणांनी एकच नोंद उतरवून घेतली म्हणून ती खरी होत नाही. ती पहिल्यांदा करणाऱ्याला विचारा, तू स्वतः पाहिलंस का? हे विचारायला संगणक शिकावा लागत नाही. तिने ते एक दिवस उशिरा विचारलं.

तिने पान्हा पुन्हा उचलला.